वरच्या गटात

सोमवारी पोस्टमन पत्र द्यायला आला, तेव्हा त्याच्या दोन बोटांना पट्टी होती. आयर्लंडमधल्या आमच्या जिल्ह्याच्या हर्लिंग संघात तो खेळतो. काठी-चेंडूचा धसमुसळा खेळ, तोही बिनपगारी. संघ दुय्यम गटातला. उन्हाळाभर झुंजून काल त्यांनी तो गट जिंकला.

मी अभिनंदन केलं तर म्हणाला, “आता पुढच्या वर्षी वरच्या गटात. तिथे चांगले बदडतील आम्हाला!”

“मग एवढा आटापिटा कशाला केलास?”

“त्यासाठीच तर केला!” तो हसत फाटकाबाहेर गेला.

जिंकल्याचं बक्षीस म्हणजे आपल्याहून जबर माणसाकडून हरायची संधी, हे मला कधी सुचलंच नव्हतं. जमतं तेवढंच करत मी वर्षानुवर्षं जिंकत आलो. पत्र उघडायचं राहिलं. मी आपला माझ्या दहा धडधाकट बोटांकडे बघत दारातच उभा.