घड्याळ काढून ऐकणारे सर

पंच्याऐंशीच्या सुमारास आम्ही पीएच.डी. करणारे चौघं दर रविवारी सकाळी चेंबूरच्या एका बालवाडीत जमायचो आणि इवल्याशा खुर्च्यांवर बसून आठवडाभरात लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवायचो.

पाचवे ते. पन्नाशीचे, केस तेल लावून चापून बसवलेले. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. स्वतःचं त्यांनी कधी काही वाचलं नाही. वाचन सुरू झालं की ते मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवायचे. वाचणारा उगाच जड शब्द फेकायला लागला की निमूटपणे ते परत बांधायला घ्यायचे. मग आम्ही ती ओळ खोडायचो.

एका रविवारी मी रिकाम्या हातांनी गेले. म्हटलं, "माझी वाट लागलीय. सोडतेय मी पीएच.डी."

"सोड की," सर म्हणाले. "पण का सोडतेयस ते लिहून आण, पुढच्या रविवारी वाच."

"तुम्हाला काय जातंय सांगायला!" मी चिडले.

"मीपण सोडली गं," ते म्हणाले. "का, ते मला कुणी विचारलं नाही."

का सोडतेय ते लिहिता लिहिता माझं अडलेलं प्रकरणच कागदावर उतरलं. मी ते वाचलं तेव्हा घड्याळ शेवटपर्यंत गुडघ्यावरच राहिलं.

प्रबंध टायपिंगला द्यायची वेळ आली, तोवर त्यांचं येणं थांबलं होतं. ऋणनिर्देशात घालायला मी तिघांना त्यांचं नाव विचारलं. तिघांपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं.

"म्हणजे?" एक जण म्हणाला. "त्यांना तू आणलं होतंस ना?"