मठाची पुस्तकं की बोर्डाची?

चारकोपच्या शेजाऱ्यांनो, आज सूचनाफळ्यावर पाण्याची वेळ नाही, आमच्या घरचं लिहितेय.

दम्यामुळे आमची सुमी नववी घरूनच करणार. ह्यांना त्यांच्या गुरूंच्या मठाने काढलेली पुस्तकं हवीत, मला बोर्डाची. मठाच्या पुस्तकांत विज्ञान नावालाच, आणि पोरीला व्हायचंय नर्स!

शेवटी सकाळी ह्यांनी कौल लावला. देवाच्या मूर्तीला दोन ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर मठ, डावं पडलं तर बोर्ड. माझा जीव टांगणीला. फुलं ढिम्म हलेनात.

सासूबाई वैतागल्या, “अरे, देवाक कित्याक विचारतंस? नात हयच बसली आसा, तिका विचार!”

सुमी म्हणाली, “बाबा, पुस्तकं बोर्डाची आणा. गीता तुम्ही शिकवा ना.”

ह्यांना हसू फुटलं, आणि दोन्ही फुलं एकदम पडली. हुश्श!

आता सांगा, देवाने कुणाचं ऐकलं?