मे महिन्यातली थंडी

सकाळी गेटातून आत आले की काका आधी ट्रककडे जायचे आणि उलटा हात बॉनेटवर ठेवायचे. डोळे मिटून, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे. मग आमच्याकडे वळून जाहीर करायचे, "घाई करू नका. गाडीला थंडी बाधलीय."

थंडी कुठली, तर अंबरनाथची. तुम्ही इकडचे असाल तर सांगायला नको, डिसेंबरात आमच्याकडे स्वेटर लागतो हे खरं. पण काका यायचे ते सीमेवर निघाल्यासारखे. माकडटोपी, त्यावर मफलर, आत दोन शर्ट आणि लोकरीच्या मोज्यांवर चप्पल. आमची प्लास्टिकच्या बादल्यांची फॅक्टरी. मी डिस्पॅचला, म्हणजे माल वेळेवर बाहेर काढणं ही माझी नोकरी, आणि तो नेणारा एकुलता एक जुना ट्रक काकांच्या हातात. माझी रोजची सकाळ त्या माकडटोपीच्या मर्जीवर चालायची.

हात लावून झाला की पूजा सुरू. घमेल्यात कोळसे फुलवायचे आणि ते घमेलं ट्रकखाली, ऑइल चेंबरच्या बरोबर खाली सरकवायचं. तेल पातळ होईपर्यंत सेल्फला हात लावायचा नाही. पहिल्या पाळीची माणसं तोवर भोवती जमायची, हात शेकायची, कोणी कोळशात शेंगा टाकायचा. काका खेकसायचे, "गाडीची धग खाताय, शरम आहे का?" मग सेल्फ मारायचे. दहा सेकंद मारायचा, बॅटरीला दम घेऊ द्यायचा, परत मारायचा. चौथ्या-पाचव्या वेळी इंजिन खोकत उठायचं आणि अख्ख्या आवारात इतका पांढरा धूर करायचं की ऑफिसातल्या मॅडम खिडक्या लावून घ्यायच्या. काका धुरातून बाहेर येत म्हणायचे, "उठली बाई एकदाची."

हे शास्त्र ते म्हणे मनालीच्या वर शिकले होते. तिथे डिझेल तुपासारखं थिजतं आणि ते चमच्याने काढावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, कुठल्या घाटात? एकदा एक नाव सांगितलं, दुसऱ्यांदा दुसरं. तिसऱ्यांदा म्हणाले, "बर्फात पाट्या दिसतात का भाऊ?" शेठनी मागे एकदा हसत सांगितलं होतं की हा माणूस इगतपुरीच्या पुढे कधी गेलेला नाही. तेव्हापासून तोंडावर काका आणि पाठीमागे हिमालय. हे नाव मीच ठेवलं. फॅक्टरीत माझी विनोदी म्हणून जी काय ख्याती आहे, तिचा निम्मा भांडवलपुरवठा काकांनी केला, हे कबूल करायला हवं.

आता मे महिन्याची गोष्ट. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत पहाटेपासून लाइट नव्हती, घामाने झोप मोडली, म्हणून मी तास-दीड तास आधीच कामावर पोचलो. गेटवर वॉचमन पेंगत होता. आत बघतो तर काका ट्रकशेजारी बनियनवर, घामाने निथळलेले, आणि ट्रकखाली कोळशांचं घमेलं.

"काका, हे काय? थंडी?"

ते दचकले. मग अगदी सहज म्हणाले, "मच्छर फार झालेत भाऊ. धूर केलाय जरा."

मग केबिनमध्ये चढून सेल्फ मारला. एकदा, दोनदा, पाच वेळा. इंजिन उठेना. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही चहा घेऊन या ना." मी चहा घेऊन आलो तेव्हा गाडी चालू होती आणि घमेलं कुठेतरी लपवलेलं होतं. आठच्या पाळीला लोक आले तेव्हा ट्रक मस्त घुरघुरत उभा. रोजच असा असायचा की तो, उन्हाळ्यात. आम्हाला वाटायचं, थंडी गेली, गाडी सुधारली.

मला काय, आयतं कोलीत सापडलं. दुपारपर्यंत सगळ्या फॅक्टरीला मच्छरांची गोष्ट सांगून झाली. संध्याकाळी शेठच्या केबिनमध्ये चलनांवर सह्या घ्यायला गेलो. शेठ उल्हासनगरचे, मोकळा माणूस, चहा पाजतात. म्हटलं यांनाही हसवू. "शेठ, आपल्या हिमालयाला मे महिन्यातपण थंडी वाजते. गाडीखाली शेगडी लावतो."

शेठ खळखळून हसले. मग हसणं थांबलं. "मे में?" म्हणाले. "मे महिन्यात आग कशाला लागते गाडीला?"

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने चालू इंजिनाचं तेलाचं झाकण काढलं, तर आतून भकाभका धूर. त्याने आम्हाला समजावलं. डिझेल गाडीत ठिणगी नसते, आत हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तेवढ्यावर डिझेल पेटतं. हिची आतली झीज झालीय, हवा दाबलीच जात नाही, सगळी निसटते. "थंडीत चांगली गाडीपण कुरकुर करते शेठ. मेमध्ये करते म्हणजे दम गेला. ड्रायव्हरला दोन-तीन वर्षांपासून माहीत असणार."

काका बाजूला उभे होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माकडटोपी, मनाली, थिजलेलं डिझेल, सगळी त्या इंजिनावर घातलेली गोधडी होती. ट्रक गेला की ड्रायव्हर गेला, आणि अठ्ठावन्नच्या माणसाला नवी गाडी कोण देतो? म्हणून हा माणूस जांभूळ गावाहून सायकल मारत, आमच्या आधी येऊन, भर उन्हाळ्यात कोळसे फुंकत होता. आणि आम्ही शेंगा भाजत होतो.

ट्रक पंधरवड्यात भंगारात गेला. माल आता भाड्याच्या टेम्पोने जातो. चावी फिरवली की चालू, धूर नाही, खोकला नाही. माझी नोकरी एकदम सोपी झाली. फॅक्टरीत विनोद करायचंही मी जरा कमीच केलंय, कोणी विचारलं तर दाढ दुखते सांगतो.

मागच्या महिन्यात कात्रपला बहिणीकडे गेलो होतो. तिच्या बिल्डिंगच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीत काका. ढगळ निळा शर्ट, समोर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही. मला बघून उठले, मला खुर्ची दिली. मी नको नको म्हणत बसलो. मला वाटलं, आता हे विचारणार, शेठला कोणी सांगितलं. मी उत्तर जुळवत होतो.

त्यांनी पोराबाळांची चौकशी केली. टेम्पोवाला माल नीट बांधतो का विचारलं, बादल्या दाबून बांधल्या तर कडा जातात म्हणाले. मग जवळ सरकून, आवाज बारीक करून म्हणाले, "भाऊ, शेठ परत गाडी घेतीलच ना कधीतरी. तेव्हा माझ्यासाठी एक शब्द टाका. तुमचं ते ऐकतात."

"बघतो," म्हणालो.

शेठनी नवा ट्रक बुक केलाय, दिवाळीनंतर येईल. मी अजून काही बोललेलो नाही.