वाटीत भिजत घातलेले दाणे

मुर्री गावच्या शाळेत मी सहावीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवत होते, तेव्हा नवऱ्याचा फोन आला. "मामाजी गेले," एवढंच तो म्हणाला. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. दुपारी जेवून ते फुलचूरच्या घरी पडवीतल्या बाजेवर आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. तेव्हा भाताची रोवणी, म्हणजे लावणी, चालू होती. आता शेतातल्या बांध्यांमधलं धान गुडघ्याला लागलंय. मी मात्र अजूनही शाळेतून आले की दारात चपला आवाज न करता काढते, मामाजी झोपले असतील म्हणून.

मामाजींनी सगळी उमर एका राईस मिलमध्ये काढली. आलेल्या मालाची पारख करणं हे त्यांचं काम. पोत्यातून मूठभर तांदूळ काढायचे, तळहातावर चोळायचे, वास घ्यायचे, मग एकच दाणा दाताखाली धरायचे आणि डोळे मिटायचे. त्या एका दाण्यावरून धान कधीचं, ओल किती, तांदूळ साधा की उकडा, सगळं सांगायचे, आणि मालकाला न आवडणारं असलं तरी सांगायचे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा खोड जायची नाही. सासूबाई म्हणायच्या, "मले पाहायले आले तवाबी पयले तांदूळच चावून पायला यायनं."

मी अकोल्याकडची, ज्वारीच्या मुलखातली. तांदूळ म्हणजे तांदूळ, एवढीच माझी अक्कल. सुजातेनं बुद्धांना दिलेल्या खिरीची आठवण म्हणून बुद्धपौर्णिमेला इकडे फुलचूरच्या आमच्या विहारात खीर वाटतात आणि वस्तीतल्या प्रत्येक घरातून एक पातेलं जातं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी हौसेनं म्हणाले, यंदा आपल्या घरची खीर मी करते. दूध उकळलं, तांदूळ टाकले आणि लगोलग साखरही टाकून मोकळी झाले. मग काय... दोन तास झाले, दाणा शिजायचं नाव घेईना. आच वाढवली तर बूड लागलं, कमी केली तर दूध आटत गेलं आणि तांदूळ जिथल्या तिथे. तसंच पातेलं विहारात गेलं. शेजारच्या एका बाईनं विचारलंच, "खीर होय का चिवडा होय वो?" मामाजींनी मात्र दोन वाट्या खाल्ल्या, मिशी पुसली आणि म्हणाले, "बरी झाली."

चार दिवस ते काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी ताक करत होते, तर सहज बोलावं तसं म्हणाले, "सूनबाई, साखर पयले टाकली का दाना आकडते. पयले नरम होऊ द्याचं, मंग गोड कराचं." मी आत जाऊन रडले. लाज वाटली म्हणून रडले, आणि सगळ्यांसमोर न सांगता हा माणूस चार दिवस थांबला म्हणूनही रडले. पुढे त्यांनीच मला खीर शिकवली. तांदूळ वर्षभर जुना हवा, नव्याची लापशी होते. धुऊन अर्धा तास भिजवायचा, हातानं जरासा कुस्करायचा, तुपावर परतून आधी पाण्यात शिजवायचा. दाणा दोन बोटांत दाबला की विरला पाहिजे, मगच दूध, आणि साखर अगदी शेवटी. गूळ घालायचा तर पातेलं आधी खाली उतरवायचं, नाहीतर दूध फाटतं. तेव्हापासून दर बुद्धपौर्णिमेला तांदूळ मामाजी निवडणार आणि खीर मी करणार, असं ठरूनच गेलं.

गेल्या दोन वर्षांत त्यांचे दात गेले, कवळी आली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. तरी यंदाही ऑटो करून स्वतःच बाजारात गेले आणि पाच किलोची थैली घेऊन आले. बाजेवर बसून, दमलेल्या आवाजात म्हणाले, "सालभर जुना हाय. पाहून घे." मी थैली उघडली आणि माझे हात तिथेच थांबले. दाणे पिवळसर, काचेसारखे. उकडा तांदूळ होता, धान आधी उकडून, वाळवून मग भरडतात तो. खिरीत दूध एकीकडे आणि हे दाणे एकीकडे राहतात, कितीही शिजवा, मिळून येत नाहीत. हे मला शिकवलं होतं ते त्यांनीच. मी म्हणाले, "छान आहे, मामाजी."

थैली मी माळ्यावर टाकली आणि डब्यातला तांदूळ घेऊन खीर केली. अशी सुरेख उतरली की विहारात लोकांनी मागून मागून घेतली, म्हातारी मंडळी मामाजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, तांदूळ निवडावा तर यानंच. मामाजी हसत होते. अगदी सावकाश, एकेक घास तोंडात धरून खाल्लं त्यांनी. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरी झाली." मला ती खीर गोड लागली नाही. ज्या माणसानं दाण्याबद्दल कधी कुणाला खोटं सांगितलं नाही, त्याच्याशी मी दाण्यावरूनच खोटं बोलले होते. त्यांची लाज राखली, की त्यांना न सांगता त्यांच्या कामावरून काढून टाकलं? एक दिवस सांगून टाकू, असं मी रोज म्हणायचे... आणि मग तो फोन आला.

मामाजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे त्यांच्या नावानं जेवण घालतात त्या दिवशी, मी माळ्यावरची थैली खाली काढली. सकाळपासून तो तांदूळ शिजवत बसले. पाणी घातलं, पुन्हा घातलं, डावाच्या पाठीनं ठेचला, दूध आटवलं. वाफेत समोरची पडवी धूसर झाली होती, बाजही. खीर काही मिळून आली नाही. तरी तीच वाढली. त्यांनी निवडलेल्या तांदळाची खीर त्यांच्या नावानं एकदा तरी व्हायला हवी होती.

सासूबाईंनी एक घास घेतला आणि बराच वेळ चघळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आज तांदूळ नाही बदलवला तुनं."

त्यांनी पडवीच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे स्टीलची एक लहान वाटी होती, बुद्धपौर्णिमेच्या आधीपासून. तिच्या पाण्यात पाच-सहा दाणे असायचे, मामाजी पाणी बदलत राहायचे, आणि मी समजत होते की चिमण्यांसाठी ठेवलंय. सासूबाई म्हणाल्या, थैली आणली त्याच दिवशी त्यांना शंका आली होती. दातानं कळेना म्हणून हे पाच-सहा दाणे भिजत घातले आणि संध्याकाळी बोटानं दाबून पाहिले. साधा तांदूळ असता तर चुरला असता, हा चुरला नाही; तरी ते पाणी बदलून रोज दाबून पाहायचे.

"मले म्हने, मी चुकलो. सूनबाईले समजलं, पन तिनं सांगतलं नाही. आता आपनबी सांगाचं नाही." सासूबाईंनी आपल्या वाटीतली खीर संपवली. "मंग विहारातून आले त हासूनच राहिले. म्हने, पोरगी शिकली."

एवढे दिवस अडून बसलेलं रडू तेव्हा आलं.

वाटी अजून खिडकीतच आहे. पाणी कधीच आटलं, दाणे तळाला चिकटून बसलेत, मी ती घासलेली नाही. दुकानातून तांदूळ आणला की आता मीही एक दाणा दाताखाली धरते, डोळे मिटते. मग बाजेकडे तोंड करून सांगते, मामाजी, हा नवा आहे... हा जुना... हा उकडा. जसा असेल तसा सांगते.