युरोपचे सासरे आणि आमचे नामदेवराव

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. शिंप्याकडे चिंध्या साचतात, तसे ते साचतात. आखाडा बाळापूरला रहीमचाचांच्या शिलाईच्या दुकानात तर दोन्ही साचायचं! सत्तर-बहात्तरच्या त्या काळात मी तिथल्या शाळेत गणित शिकवायचो. संध्याकाळी चाचांच्या बाकड्यावर आम्ही तिघं: इतिहासाचे गायकवाड सर, शेतकरी नामदेवराव आणि मी.

सरांना नाद युरोपातल्या राजघराण्यांचा. त्यातही डेन्मार्क! असे आपुलकीने बोलायचे, की नव्या माणसाला वाटावं, सरांची सोयरीक तिकडचीच आहे.

नामदेवरावांना तीन मुलीच. थोरले बंधू हात धुऊन मागे लागलेले: "माझं पोरगं दत्तक घे, आन् थोरलीला शाळेतून काढून उजवून टाक!" थोरली म्हणजे कौसा, सातवीत, हुशार. नामदेवरावांचा तिच्यावर जीव, पण बंधूंसमोर तोंड उघडायची टाप नव्हती. मला त्या पोरीसाठी फार वाईट वाटायचं.

*

एकदा सर म्हणाले, "डेन्मार्कात बाप ख्रिश्चन, लेक फ्रेडरिक, नातू परत ख्रिश्चन. शेकडो वर्षं हेच चाललंय!"

"आमच्यातबी नातवाला आज्याचंच नाव," नामदेवराव म्हणाले. "पर नाव ठेवायला आत्या लागते. तिकडं कोन ठेवतं?"

"नाव कोणीही ठेवो," सर म्हणाले, "नावं ठेवायला भावकी तिकडंही आहेच!"

*

डेन्मार्कच्या एका राजाला म्हणे 'युरोपचा सासरा' म्हणत. एक लेक इंग्लंडात दिली, एक रशियात.

चाचांनी मशीन थांबवली. "लेनदेन में तो घर बिक गया होगा!"

नामदेवरावांची काळजी वेगळीच. "इतक्या लांब दिल्या? पंचमीला आणायला कोन जायचं?"

"उन्हाळ्यात सगळ्या लेकी लेकरंबाळं घेऊन बापाकडे गोळा व्हायच्या," सर म्हणाले.

"मंग बरं हाय," असं म्हणून नामदेवरावांनी निवांत पान खाल्लं.

*

पहिल्या महायुद्धाचं सांगताना सर म्हणाले, "इंग्लंडचा राजा, जर्मनीचा कैसर, रशियाचा झार, सगळे एकमेकांचे भाऊबंद!"

"म्हंजे भावकीचंच भांडन! बांधावरून का?"

"बांधावरूनच. बांध जरा लांब होता."

*

सहामाही परीक्षेत सरांनी प्रश्न घातला: 'राजा वारल्यावर त्याचा वारस कोण ठरवतो?'

कौसानं उत्तर लिहिलं: 'तलाठी.'

हेडमास्तर म्हणाले, शून्य द्या. सरांनी अर्धा मार्क दिला. म्हणाले, "आपल्या तालुक्यापुरतं बरोबर आहे!"

*

बहात्तरच्या जानेवारीत रेडिओवर बातमी आली. डेन्मार्कचा राजा वारला, गादीवर त्याची थोरली मुलगी बसली. सर बाकड्यावर उभेच राहिले.

"राजाला तिन्ही मुलीच! कायदा म्हणायचा, गादी पुरुषालाच. भाऊ टपून होता. पण लोकांनी मतदान घेऊन कायदाच बदलला!"

"तिन्ही पोरीच?" नामदेवरावांनी विचारलं.

"तिन्ही."

त्या दिवशी नामदेवराव चहा न घेताच घरी गेले.

*

आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दत्तकविधान ठरलं होतं. आठवडाभर आधी थोरले बंधू मापाचा सदरा घेऊन दुकानात आले. लेकाला नवा कोट शिवायचा होता. चाचा सदरा उलगडतात तोच नामदेवराव कौसाला घेऊन आत आले.

"चाचा, आदी हिचं माप घ्या. आठवीचा ड्रेस शिवायचाय."

बंधू तडकले. "नाम्या, काय करून राहिला तू? आपलं ठरलंय न्हवं?"

"दादा, कायदा बदलला."

"कव्हा? कुठं?"

"काल. आमच्या घरात. मतदान घेतलं. तिन्ही पोरी आन् त्यांची माय, समद्या एका बाजूनं."

"आन् तू? तुझं मत कुठं गेलं?"

नामदेवरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"राजाला मत नसतंय, दादा!"