पहिली परात तलावाची

…तर परात डोक्यावर घेऊन यज्ञेश्वर बांधावरून निघाला, इथवर काल आलो होतो. परातीत पाणी, पाण्यात जिरं. जिरं म्हणजे माशाची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं, फोडणीतल्या जिऱ्याएवढीच. माणूस रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातला. पूर्वज भोसल्यांच्या फौजेमागं इकडं आलेले, घरात कोणी माशाला शिवलं नाही, अन् हा सव्वीस वर्षं सरकारी मत्स्यबीज केंद्रात. बायको, पद्मिनी, संध्याकाळी दारातच बादली ठेवायची. आधी अंघोळ, मग चहा.

आता परात कुठं चालली ते ऐका. केंद्र उघडलं तेव्हा बीजासाठी मोठे मासे नव्हते. शेजारच्या गावच्या केवटांनी, म्हणजे तिथल्या कोळ्यांनी, आपल्या तलावातले रोहू दिले, तेही फुकट. तेव्हापासून दर हंगामातली पहिली परात त्या तलावाची. कुठं लिहिलेलं नाही, कोणी मोडलेलं नाही. पुढं भोवती नवा रायपूर ही राजधानी उभी राहिली, रुंद रस्ते आले, परात चालूच राहिली.

त्या फेब्रुवारीत मात्र टाकी वेगळी होती. कॉमन कार्प हा मासा झपाट्यानं वाढावा म्हणून मंजिरीबाई नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं त्यात दुसऱ्या माशाचा जनुक घातला होता. दिल्लीची परवानगी होती ती चार भिंतींच्या आतल्या प्रयोगापुरती. एक पिल्लू जरी बाहेरच्या पाण्यात गेलं तरी कायद्यानं गुन्हा. बाई नागपूरची, यज्ञेश्वरला काका म्हणायची. तिनं त्याला मराठीत दोनदा बजावलं होतं.

जिरं निघालं त्या सकाळी ती बैठकीला गेलेली. यज्ञेश्वरनं टाकीत डोकावलं. असं चपळ जिरं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. हरखला, अन् हातानं परात भरायचं सव्वीस वर्षांचं काम आपोआप केलं.

आठ दिवसांनी केवटांच्या सोसायटीचा हरिदास फाटकाशी आला अन् बाईंच्या देखतच म्हणाला, "भैया, इस बार का जीरा तो कूद रहा है. क्या खिलाए हो?"

मंजिरीबाई हसली नाही. तिनं यज्ञेश्वरकडं पाहिलं, अन् तेव्हा कुठं त्याला तिचं बजावणं आठवलं.

जाळं टाकलं, तपासणी झाली, पिल्लं सापडली. वेचून काढणं अशक्य. पावसात तलाव भरला की पाणी नाल्यात अन् नाला खारून नदीत. म्हणून पावसाआधी तलावात औषध टाकून सगळेच मासे मारायचं ठरलं. केवटांनी दोन वर्षं पोसलेले रोहूसुद्धा. हरिदास भांडला असता तर बरं झालं असतं. तो फाटकाकडं फिरकेनासाच झाला.

मग चौकशी. यज्ञेश्वरची निवृत्ती पाच महिन्यांवर. नियमांचा फलक इंग्रजीत होता, त्यावरून कार्यालयातल्या अच्युतला वाट सुचली. तो म्हणाला, "काका, एवढंच म्हणा, मले समजेल असं कोणी सांगितलंच नाही. तुमची पेन्शन वाचते. बाईचं बाई पाहून घेईल."

पद्मिनीनंही तेच धरलं. तो ऐकेना तशी ती दोन दिवस जेवली नाही. मंजिरी परक्याची मुलगी, आपली पोरगी सोनिया अजून लग्नाची, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मंजिरीबाई त्याच्याकडं काही मागायला आली नाही. पण कामगाराला बजावलं नाही असं ठरलं तर तिची नोकरी गेलीच, हे तिलाही अन् यज्ञेश्वरलाही ठाऊक होतं. व्हरांड्यात समोरासमोर आली की दोघंही खाली पाहायची.

नव्या मंत्रालयाजवळच्या गारेगार खोलीत तीन साहेब बसले होते. मधले वर्ध्याचे निघाले. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं अन् मराठीतच विचारलं, की ते बीज बाहेर सोडायचं नाही असं तुम्हाला समजेल अशा भाषेत कोणी सांगितलं होतं काय? अच्युत दाराशी उभा राहून हळूच नकाराची मान हलवत होता.

यज्ञेश्वरनं पाणी तसंच ठेवलं. म्हणाला,

"सांगितलं होतं, साहेब. मंजिरीबाईनं मराठीत सांगितलं, दोनदा सांगितलं, अन् मी हव म्हटलं. जिरं पाहिलं अन् विसरलो. तसंच लिहा. फक्त तलावात औषध टाकाल त्या दिवशी मले बोलवा. हरिदासच्या संगं मेलेले मासे उचलाचे हायेत. तो एकटा काहून उचलन?"