सावडीतला हात

मला तोंड आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत वाढलेली मी, मराठी चौथी पास, सहा भावंडांत चौथी. आमच्या घरात गप्प बसणारा उपाशी राहायचा. लग्न होऊन कार्ल्याच्या अलीकडच्या एका भाताच्या गावात आले, ती हे तोंड घेऊनच आले. मालक मुळातच कमी बोलायचे. म्हणून दोघांचं मीच बोलायचे.

ही हकीगत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या तीन-चार वर्षांतली. आमच्याकडे भाताची लावणी एकट्यादुकट्याने होत नाही. पाच-सहा घरं मिळून सावड करतात. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. ज्या घराने जितके हात दिले, तितके हात त्याच्या शेतात परत येतात. ज्या घरात द्यायला हात नाहीत, एकटी बाई आहे किंवा कोणी अंथरूण धरलंय, त्यांचंही शेत गाव पडीक ठेवत नाही. पण ते सगळ्यांच्या शेवटी लावतात. आणि उद्या कुणाकडे जायचं, हे त्या घराला कोणी विचारत नाही. मालकांना त्या शेवटच्या नंबराची फार धास्ती होती. त्यांच्या आईचं शेत वडील गेल्यावर तसंच लावलं जायचं, आणि ते बांधावर उभं राहून बघितल्याचं ते एकदाच माझ्याजवळ बोलले होते.

दुखणं आलं तेव्हा ते दुखणं आहे हे कळलंच नाही. आधी आला तो थकवा. चाळिशीचा धडधाकट गडी, चिखलणीला औत धरून दिवसभर गुडघाभर चिखलात चालणारा, तो दोन फेऱ्या झाल्या की बांधावर बसायला लागला. आवाजही बसला. बैलांना हाक मारायचे ती बैलांना ऐकूच जायची नाही, ते आपले जागच्या जागी उभे. मला वाटलं, आळस. आळसाला औषध नाही, असं मी येता-जाता ऐकवायचे. रात्रभर झोपून सकाळी उठताना दमलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला ते सोंग वाटत होतं.

एकदा दुसऱ्यांच्या खाचरात, सगळी सावड समोर असताना, ते औत सोडून बसले. माझ्या जिभेला हाड नाही. मी ओरडून म्हटलं, "बसायलाच आलात का? माझ्या बांगड्या देऊ का काढून?" बाया हसल्या. मालक उठले, औत धरलं, चार पावलं चालले आणि तोंडावर चिखलात पडले. दोघांनी धरून उचललं तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरत होता, आणि बांधावर आणून टेकवला तरी थांबत नव्हता.

मळवलीहून गाडीने मी त्यांना लोणावळ्याला वैद्यांकडे नेलं. वैद्यांनी हात बघितला, चालायला लावलं, आणि याला कंपवात म्हणतात असं सांगितलं. हा बरा होत नाही, फार तर सांभाळता येतो, असंही सांगितलं. मी थकव्याचं विचारलं. वैद्य म्हणाले की थकवाही त्यातलाच, कामाने येतो तसा तो बसल्या जागीही येतो. परतीच्या गाडीत मी वर्षभरात काय काय बोलले ते एकेक आठवत होते. माझी मलाच इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना. ते खिडकीतून बाहेर बघत होते. ते रागावले नव्हते, हे तर आणखीच वाईट.

मग आम्ही सांभाळायला शिकलो. सूर्य वर आला की दोन-अडीच तास त्यांच्या अंगात बरं असायचं. ते तास मी जपायचे. सकाळची आंघोळ बंद केली, कारण तिच्यातच सगळं बळ जायचं. ती संध्याकाळवर नेली. बंडीचे बंद मी बांधायचे. भाकरी दुधात कुस्करून द्यायचे, म्हणजे चावण्यात दम जायला नको. चालताना त्यांच्याशी बोलायचं नाही, नाहीतर त्यांचं पाऊल अडायचं, ही मला सगळ्यांत मोठी शिक्षा होती. ते सकाळी उठले की अंगातल्या बळाचं माप सांगायचे, आज कणगी अर्धी हाय, किंवा आज तळाला हाय. तळाला असली की त्या दिवशी फक्त एक काम. कधी ते काम म्हणजे नुसतं मागच्या दारापर्यंत जाऊन येणं असायचं.

पुढच्या वर्षीच्या लावणीला औत धरण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या खाचरापुरतं औताला मी माझ्या भावाला बोलावून घेतलं. पण सावडीत दुसरा हात कुणाचा? मी म्हटलं, मी आहे. ते म्हणाले, तू पयल्यापासून हायेसच. तेव्हा त्यांनीच काढलं की ते रोप उपटतील. ते काम बसून करतात, आणि बाया करतात. वाफ्यात पाटावर बसायचं, रोप उपटायचं, मुळांची माती झटकायची, पेंढ्याच्या काडीने जुडी बांधायची. पुरुषमाणूस बायांच्या रांगेत बसला म्हणून दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला. मी तिकडे नुसतं बघितलं. पदर खाली आले.

त्यांच्या हाताला वेळ लागायचा. म्हणून आम्ही दोघं उजाडताच वाफ्यावर जायचो, बाकीच्या येईपर्यंत त्यांच्या वीसेक जुड्या व्हायच्या. काडीला गाठ मारणं फार कठीण जायचं. जुडी चिखलात फेकली की निम्म्या वेळा सुटायची. लावणाऱ्या बाया काही न बोलता पसरलेलं रोप गोळा करायच्या. दुपारी घरी आल्यावर ते मेल्यासारखे पडून राहायचे. पण संध्याकाळी विचारायचे, उद्या कुणाकडं? तो प्रश्न ऐकून मला बरं वाटायचं.

सातव्या-आठव्या दिवशी कणगी तळाला होती. घरी राहा म्हटलं तर ऐकेनात. वाफ्यात त्यांचा हात सारखा काडीवरून घसरत होता. डोळे मिटत होते. बाया लांब होत्या. ते डुलकी घेत होते तेवढ्यात मी त्यांच्या जुड्या सोडून घट्ट बांधल्या, आणि माझ्या जुड्यांतल्या पंधराएक त्यांच्या ढिगात सारल्या. मला वाटलं, कुणाला कळणार आहे?

त्या दिवशीची लावणी उरकली तेव्हा सावडीतले सगळ्यांत थोरले आबा मुद्दाम वाफ्यापर्यंत आले. मनापासून म्हणाले, "गड्या, हात सुधारला तुझा. आज येक बी जुडी सुटली न्हाई."

मालक हसले. मग उरलेल्या ढिगातली एक जुडी उचलून त्यांनी गाठ बघितली. बोटाने ओढून बघितली. ती सुटली नाही. त्यांनी जुडी होती तिथे ठेवली. खाई त्याला खवखवे, मी उगाच लुगड्याचा चिखल झटकत राहिले.

घरी ओट्यावर बसवल्यावर माझ्याच्याने राहवेना. तुमच्यासाठीच केलं, तुमचे हाल बघवेनात, असं मी खूप बोलले. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. पण भांडायलाही अंगात काही लागतं. इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं, ते म्हणाले, "रोज दमून यायचो, ते कामाचं दमणं व्हतं. माझं व्हतं. आता नुस्तं दुखण्याचं ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बंडी घेऊन त्यांच्याजवळ गेले. त्यांनी हात पुढे केला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, आबांना सांग, आपलं शेत सगळ्यांच्या शेवटी लावा म्हणावं. मी पाया पडले, रडले. ते वळले नाहीत. शेवटी मी गेले आणि आबांना तसं सांगितलं. आबा म्हणाले, का गं, काल तर एवढं चांगलं काम केलं त्याने. मी माझा पाट घेतला आणि बायांच्या रांगेत जाऊन बसले.